उस्तादांचा फॉर्म

अप्रेंटिसशिपच्या शेवटच्या दिवशी उस्तादांनी मला चहा पाजला. वर्षभर कॅन्टीनमधून त्यांचा चहा मी आणत होते, त्या दिवशी ते स्वतः उठले, दोन कप घेऊन आले, एक माझ्यापुढं ठेवला आणि म्हणाले, "आजपासून तू शिकाऊ न्हाई. म्हंजी आता चूक झाली तर तुह्या नावावर टाकता येणार न्हाई. लई नुकसान झालं माहं."

जालन्याच्या एमआयडीसीतला तो बियाण्यांचा कारखाना. शेतकऱ्यांकडून आलेलं बियाणं तिथं साफ होतं, त्याची प्रत ठरते, त्याला लाल-गुलाबी औषध चोळतात आणि पिशव्या भरतात. हंगामात सगळ्यांचे हात मनगटापर्यंत गुलाबी. आयटीआयची दोन वर्षं संपवून मी तिथं इलेक्ट्रिशियनची अप्रेंटिस म्हणून लागले, तेव्हा मेंटेनन्सच्या खोलीत मी एकटीच मुलगी होते. आणि उस्ताद तिथले सगळ्यात जुने वायरमन. पन्नाशी ओलांडलेले, शाळा आठवीत सोडलेली, कानावर कायम टेस्टर अडकवलेला. चष्मा होता, पण तो खिशात. चष्म्यानं माणूस म्हातारा दिसतो असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे बारीक अक्षर वाचायची वेळ आली की ते म्हणायचे, "बघ गं, तुला जमतंय का," जणू माझी परीक्षाच घेत आहेत.

पहिला महिनाभर त्यांनी मला भंगारातल्या पॅनलमधल्या वायरी सोडवून, सरळ करून, पुन्हा गुंडाळायला लावल्या. मला वाटलं, मुलगी म्हणून खऱ्या कामाला हात लावू देत नाहीत. एक दिवस धीर करून तसं विचारलंही. ते चकित झाले. "अगं, समद्यांलाच लावतो मी. पोरांला शिव्या देऊन लावतो, तुला बाई म्हणून लावून राह्यलो. त्याच्यात तुहाच फायदा."

दुसऱ्या महिन्यापासून त्यांनी सगळं शिकवलं. मोटारीवर पालथा हात ठेवून बेअरिंग कसं ओळखायचं, जळका वास तारेचा की पट्ट्याचा, स्टार्टरचा कोणता आवाज भुकेचा आणि कोणता दुखण्याचा. पुस्तकात यातलं काही या शब्दांत नव्हतं. त्यांच्या डोक्यातलं मात्र पुस्तकात शोधलं की सापडायचं, हे मी त्यांना कधी सांगितलं नाही.

तर अप्रेंटिसशिप संपली, परीक्षाही पास झाले, आणि आता पुढं काय, हा प्रश्न आला. माझ्यापुढं कमी आणि बाकीच्यांपुढं जास्त.

पप्पा बदनापूरच्या संशोधन केंद्रात तुरीच्या प्लॉटवर कामाला जातात. तिथले शास्त्रज्ञ तुरीच्या फांद्यांना लेबलं बांधतात, फुलं जाळीनं झाकतात, एकेका झाडाच्या शेंगा मोजून वहीत लिहितात. तुरीला इतकं जपणारी माणसं रोज बघून पप्पांचा शिक्षणावर भलताच विश्वास बसला आहे. घरात खिचडी करपली तरी म्हणतात, "याच्यावर बी कुणीतरी पीएचडी केली असंल." त्यांचं ठरलेलं होतं: आयटीआय झालेल्यांना पॉलिटेक्निकमध्ये थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो, तर मी डिप्लोमा करायचा आणि इंजिनिअर व्हायचं. इंजिनिअर हा शब्द ते इतक्या सावकाश आणि स्वच्छ उच्चारायचे की ऐकताना आपलेच कपडे चुरगळलेले वाटावेत.

आईचं वेगळं. ती घरी शिलाई करते आणि तिचं जगाकडे लक्ष असतं ते मशीनवरून मान वर न करता. ती म्हणाली, "आयटीआयत शिकवायला लागायचं ट्रेनिंग असतंय म्हणं एक वर्षाचं. ते कर. पंख्याखाली उभं ऱ्हायचं, पोरांला सांगायचं. शिडीवर चढायचं काम न्हाई."

"आणि वर्गातला पंखा बंद पडला तर?"

"तर पोरांला चढव."

कारखान्याचे मॅनेजर म्हणाले, कंत्राटावर राहा, काम चालू ठेव. उस्तादही तेच म्हणाले. "हात चांगलाय तुहा. हाताला कागदाचं काय करायचं?"

सगळे मला विचारत होते आणि सगळ्यांकडे उत्तर तयार होतं. माझ्या मनात काय चाललं होतं ते कुणालाच माहीत नव्हतं, कारण त्यात माझा एक गुन्हा अडकलेला होता.

तो घडला होता महिनाभर आधी, ऐन मे महिन्यात. पेरणीच्या तोंडावर कारखाना दिवसभर चालतो आणि बाहेर टेम्पोंची रांग असते. त्याच वेळी बियाणं वर चढवणारं यंत्र सुरू होता होता बंद पडायला लागलं. त्याच्या मोटारीला ड्राइव्ह बसवलेला होता. ड्राइव्ह म्हणजे पॅनलमधला एक डबा, जो मोटारीचा वेग कमी-जास्त करतो. त्यावर एक छोटा पडदा आणि चार-पाच बटणं. उस्ताद त्याला डबी म्हणायचे आणि त्याच्याशी त्यांचं पटत नव्हतं. त्या दिवशी पडद्यावर एक अक्षर आणि एक आकडा लुकलुकत होता.

उस्तादांनी डबीकडे पाहिलंच नाही. आधी केबल तपासली. मग मोटार सोडवली, इन्सुलेशन मोजलं, बेअरिंग फिरवून पाहिलं. सगळं ठीक. मोटार परत बसवली, बटण दाबलं, यंत्र गुरगुरलं आणि थांबलं. मी मागं उभी राहून पाने देत होते. मधे ते पाणी प्यायला गेले, तेव्हा मी पॅनलच्या दाराला आतून अडकवलेली प्लॅस्टिकची पिशवी उघडली. तिच्यात ड्राइव्हची पुस्तिका होती. इंग्रजीत, बारीक अक्षरात. पानं उलटत त्या आकड्यापाशी आले. मला त्यातलं निम्मं समजलं, पण ते निम्मं पुरेसं होतं: मोटार वेग घेताना जास्त करंट ओढते आहे; वेग घ्यायला तिला जास्त वेळ द्या.

मी पुस्तिका परत पिशवीत ठेवली. उस्ताद आले. आणि मी गप्प बसले.

का, याचं उत्तर मी स्वतःला बऱ्याच दिवस एकच देत होते: उस्तादांना शिकवणारी मी कोण? ते खरंच होतं. पण पूर्ण खरं नव्हतं. त्यांना जे माहीत नाही ते मला माहीत आहे, याची मला थोडी मजाही वाटली होती. ती मजा अर्धा तास टिकली. मग उस्ताद तिसऱ्यांदा मोटार सोडवायला लागले, त्यांचा शर्ट पाठीला चिकटला, बाहेर टेम्पोवाले हॉर्न वाजवायला लागले, आणि मला तोंड उघडणं आणखीच अवघड झालं. आता सांगितलं असतं तर ते विचारणार होते, आधी कामून न्हाई सांगितलं?

शेवटी मॅनेजरांनी संभाजीनगरहून कंपनीचा इंजिनिअर बोलावला. माझ्याहून दोन-तीन वर्षांनी मोठा मुलगा असेल. त्यानं गॉगल डोक्यावर सरकवला, डबीची बटणं सात-आठ वेळा दाबली, यंत्र सुरू करायला सांगितलं. ते हळूहळू वेग घेत सुरू झालं. त्यानं चहाही घेतला नाही.

सगळे उस्तादांकडे बघत होते. त्यांनी टेस्टर कानावर ठेवला आणि म्हणाले, "तीन तास आपण पेशंटचं पोट फाडून बसलो, अन् डॉक्टर येऊन सांगून गेला, जरा सावकाश जेवत जा." सगळे हसले. उस्तादही हसले. मग ते मागच्या नळावर गेले आणि बराच वेळ हात धूत राहिले.

त्या हात धुण्याचं काय करायचं, ते मला कळत नव्हतं. एवढं मात्र कळलं होतं की मला त्या डबीच्या आत काय चालतं ते शिकायचं आहे. निम्मं नाही, पूर्ण.

तरी पप्पांसोबत पॉलिटेक्निकमध्ये चौकशीला गेले. पप्पांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि फाइल स्वतःच्या काखेत धरली होती. त्या फाइलीत माझी गुणपत्रकं होती, जातीचा दाखला होता, आणि पाचवीत चित्रकलेत मिळालेलं प्रमाणपत्र आणि लसीकरणाचं कार्डही होतं. खिडकीतल्या क्लार्कनं एकेक कागद बाजूला करत लसीकरणाचं कार्ड वर धरलं.

"हे कशाला, काका?"

"असू द्या साहेब. पुरं झालंय तिचं."

क्लार्क भला माणूस होता. त्यानं तेही नीट पाहून परत दिलं. म्हणाला, प्रवेश मिळून जाईल, मार्क चांगले आहेत. शिवाय प्रयोगशाळाही बघून या म्हणाला. आम्ही गेलो. तिथं मोटारी होत्या, रंग दिलेल्या, ओळीत मांडलेल्या. पप्पा त्यांच्यापुढून चपला काढून चालल्यासारखे चालले. मी तिथल्या मदतनीस बाईंना विचारलं, "ड्राइव्ह शिकवतात का?" त्या म्हणाल्या, "शेवटच्या वर्षाला एक धडा आहे."

परत येताना रिक्षात पप्पा फाइल मांडीवर ठेवून बसले होते आणि मी बाहेर बघत होते. मी म्हणाले, "पप्पा, मला आधी दुसरं काहीतरी शिकायचंय."

संभाजीनगरला एक संस्था होती. ऑटोमेशनचा कोर्स, सहा महिने, दर रविवारी दिवसभर. ड्राइव्ह, आणि कारखान्यातली यंत्रं क्रमानं चालवणारा छोटा संगणक, ज्याला सगळे पीएलसी म्हणतात. आमच्या वस्तीतल्या विहाराच्या अभ्यासिकेत बसून मी त्याची सगळी माहिती फोनवर वाचून काढली होती. पप्पांनी सगळं ऐकलं. मग विचारलं, "हे झाल्यावर तुला काय म्हणतेत?"

"तसं काही म्हणत नाहीत."

"काहीच न्हाई?"

त्यांना खरंच वाईट वाटलं. इंजिनिअर नाही, मास्तरीण नाही, काहीच नाही. ते दोन दिवस संशोधन केंद्रात कुणाकुणाला विचारत राहिले. तिसऱ्या दिवशी जेवताना म्हणाले, "आमच्या साहेबांनी सांगितलं, त्यांच्या इकडं बी आता पाण्याचं समदं त्याच्यावरच चालतंय. कर म्हणले." मग भाकरी मोडत पुढं म्हणाले, "पण डिप्लोमा राह्यला, हे ध्यानात ठेव."

आता उस्तादांना सांगायचं होतं. कंत्राटावर मी तिथंच काम करत होते, रविवारची सुट्टी लागणार होती. ती त्यांच्याच हातात.

"डबी दाबायला शिकायला सहा महिने?" ते म्हणाले. "त्या गॉगलवाल्यानं तर दोन मिनिटांत दाबली."

मी सांगायला तोंड उघडलं ते सुट्टीबद्दल, पण बाहेर वेगळंच आलं. मी म्हणाले, "उस्ताद, त्या दिवशी मला माहीत होतं." आणि मग सगळंच सांगितलं. पुस्तिका, तो आकडा, त्यांचं पाणी प्यायला जाणं. मजा वाटली तेही सांगितलं. ते सांगायची गरज नव्हती, पण एकदा सुरुवात झाल्यावर थांबता आलं नाही.

उस्तादांनी कानावरचा टेस्टर काढून खिशात ठेवला. एवढंच.

दुसऱ्या दिवसापासून मी मॅडम झाले. "मॅडम, तो पाना द्या." "मॅडमला विचारा, मी आठवी नापास माणूस." "मॅडम, चहा मी आणू का?" आख्खा प्लांट मला मॅडम म्हणायला लागला, पिशव्या शिवणाऱ्या बायकासुद्धा. त्यांना कारण माहीत नव्हतं. त्यांना वाटलं, मला बढती मिळाली. एकीनं अभिनंदनही केलं. मी जेवणाच्या सुट्टीत स्टोअरच्या मागं जाऊन रडले आणि डोळे पुसायला गेले तर हाताचा गुलाबी रंग तोंडाला लागला. तशीच परत आले. उस्तादांनी पाहिलं, आणि तोंड दुसरीकडे वळवलं. त्यांचे खांदे हलत होते. हसत होते, हे मला नक्की माहीत आहे.

तिसऱ्या दिवशी सकाळी ते माझ्याजवळ येऊन उभे राहिले. हातात चार घड्या घातलेला कागद. उघडला तर त्याच संस्थेचा फॉर्म, कोऱ्या जागांसकट.

"हे भर."

"मी भरलाय, उस्ताद. मागच्या आठवड्यातच."

"तुहा न्हाई. माहा भर."

मी त्यांच्याकडे बघत राहिले. ते पॅनलकडे बघत होते.

"इंग्रजीत हे. मला भरता येत असता तर मी कामून तुह्याकडं आलो असतो? अन् एक सांगून ठेवतो. पुन्यांदा काही दिसलं पुस्तकात, तर जल्दी सांगायचं. मोटार सोडवल्यावर न्हाई, सोडवायच्या आधी. बिलकुल आधी. माही कंबर दुखती."

मी तिथंच बाकावर बसून फॉर्म भरला. शिक्षण या रकान्यापाशी थांबले. ते म्हणाले, "लिही, आठवी. खोटं लिहू नको, खाली मोकळी जागा असंल तर लिही, अठ्ठावीस वर्ष वायरमन." मोकळी जागा नव्हती. मी समासात लिहिलं.

संस्थेनं आधी नाही म्हटलं. त्यांना आयटीआय तरी लागत होती. मग मॅनेजरांनी अनुभवाचं पत्र दिलं. पत्र देताना ते म्हणाले, "उस्ताद, शिकून दुसरीकडं जाणार न्हाई ना?" उस्ताद म्हणाले, "या वयात मला फक्त घरचेच ठेवून घेतेत, साहेब, तेबी कुरकुर करत." संस्थेच्या सरांनी पत्र वाचलं, फोनवर दहा मिनिटं उस्तादांशी बोलले आणि बसा म्हणाले.

मग सहा महिने दर रविवारी सकाळी आम्ही रेल्वेनं जायला लागलो. उस्ताद जालन्याला बसायचे, मी बदनापूरला. त्यांनी माझ्यासाठी जागा धरलेली असायची, पिशवी ठेवून, आणि कुणी बसायला आलं की सांगायचे, "मॅडम येऊन राह्यल्या." मी आत चढले की ती आख्खी बाकं माझ्याकडे बघायची आणि निराश व्हायची.

आमचे सर सव्वीस-सत्तावीस वर्षांचे. उस्तादांच्या थोरल्या मुलापेक्षा लहान. पण ते वर्गात आले की उस्ताद ताडकन उभे राहायचे. एवढा वयस्कर माणूस उभा राहिला म्हटल्यावर आम्हा सगळ्यांना राहावंच लागायचं. सर लाजून लाल व्हायचे. तीन रविवार त्यांनी बसा बसा म्हणून पाहिलं, चौथ्या रविवारी उस्तादांना कोपऱ्यात घेऊन विनंती केली. उस्ताद म्हणाले, "बरं, उठत न्हाई. पण मनातून उभा आहे म्हणून समजा."

माऊस हा त्यांचा पहिला शत्रू. ते त्याला टेस्टरसारखा गच्च धरायचे आणि सरकवत सरकवत टेबलाच्या कडेला न्यायचे. तिथं थांबून मला हाक मारायचे, "पोरी, टेबल संपला. आता कुठं जाऊ?" उचलून परत मधे ठेवायचा, हे सांगितल्यावर त्यांना ते फसवणुकीसारखं वाटलं. पण पीएलसीच्या प्रोग्रामची आखणी, जिला शिडी म्हणतात, ती पडद्यावर आली, आणि ते पुढं झुकले. खिशातून चष्मा काढला आणि सगळ्यांसमोर लावला. सहा महिन्यांतली ही सगळ्यात मोठी घटना, असं मी मानते.

"हे तर आपलं रिलेचं पॅनल हाय," ते म्हणाले. "वायरी तेवढ्या गायब केल्या."

वर्गात डिप्लोमा केलेली मुलं होती. बटणं त्यांची फटाफट चालायची. एकदा सरांनी तीन पट्टे आणि एक चाळणी चालवायचा प्रोग्राम लिहायला सांगितला. सगळ्यांनी पहिला पट्टा आधी सुरू केला, मग दुसरा, मग तिसरा. मीसुद्धा. उस्तादांनी अजून पहिली ओळच लिहिली होती. त्यांनी आमच्या पडद्यांकडे पाहिलं आणि म्हणाले, "समद्यांचा चोक होणार."

सर म्हणाले, "का?"

"मागचा पट्टा माल टाकून राह्यला अन् पुढचा अजून उभाच. कुठं जाईल माल? शेवटचा आधी चालू करायचा, सर. मंग त्याच्या आधीचा. पुढचा रस्ता मोकळा झाल्याबिगर मागचा ट्रक सोडायचा न्हाई. बंद करताना उलटं."

सरांनी खडू त्यांच्या हातात दिला. उस्ताद फळ्यापाशी गेले, चौकोन काढले, बाण काढले. त्यांचा मराठवाडी आवाज आणि मधूनमधून येणारी दखनी उर्दू. पुण्याकडचा एक मुलगा होता त्याला काही शब्द कळले नाहीत, तर शेजारचा त्याला समजावून देत होता. महिनाभर ज्यांनी मला वायरी गुंडाळायला लावल्या, त्यांच्याकडे वर्ग वह्या उघडून बघत होता. मीही वही उघडली. मला हे माहीत असायला हवं होतं. रोज आमच्या प्लांटमध्ये पट्टे चालू-बंद होताना मी बघत होते. पण बघणं आणि माहीत असणं वेगळं.

बदल्यात मी त्यांना इंग्रजी शिकवत होते, म्हणजे तसं म्हणत होते. पडद्यावरचे शब्द मी एका वहीत मराठीत लिहून दिले. ते शब्द पाठ करत नव्हते, जागा पाठ करत होते: वरून तिसरं, मग उजवीकडचं दुसरं. पॅनलमध्ये फ्यूज शोधावा तसं. मी म्हणाले, कंपनीनं नवीन आवृत्ती काढली आणि जागा बदलल्या तर? ते म्हणाले, "मंग तू हायेस की."

शेवटच्या रविवारी प्रात्यक्षिकाची परीक्षा झाली. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी मला ड्राइव्हवर प्रश्न विचारले आणि मी सगळे सोडवले. अगदी त्याच आकड्याचा प्रश्न आला असता तर बरं झालं असतं, पण आला नाही. उस्तादांना प्रोग्राममधली वेळ बदलून दाखवायला सांगितलं. वही आत न्यायला बंदी होती. ते ओठांतल्या ओठांत वरून तिसरं, उजवीकडचं दुसरं करत पोचले, वेळ बदलली, आणि टेबलावरचे नमुन्याचे छोटे पट्टे शेवटापासून सुरू झाले. परीक्षकांनी विचारलं, शिक्षण किती? उस्ताद म्हणाले, "चालू हाय."

निकालात लेखीत मी त्यांच्या बरीच पुढं, आणि प्रात्यक्षिकात ते माझ्या चार गुणांनी पुढं. ते चार गुण मी आजही दर आठवड्याला ऐकते.

पुढं काय झालं तेही सांगून टाकते. आता आमच्या कारखान्यातले ड्राइव्ह आम्ही दोघं बघतो. शहरातून कुणाला बोलवावं लागत नाही. कंत्राट जाऊन माझी पक्की नोकरी झाली. मधे एका सळ्यांच्या मिलनं मला विचारलं होतं, तिथं मेंटेनन्सला आजवर बाई नव्हती. मी दोनदा जाऊन बघून आले, भट्टीची धग सोसवते का ते पाहिलं, आणि सध्या तरी नको म्हणाले. सध्या तरी. आई अजून आयटीआयच्या जाहिराती कापून शिलाईच्या डब्यात ठेवते. पप्पांनी माझ्या कामाला स्वतःच एक नाव देऊन टाकलंय. केंद्रात कुणी विचारलं की सांगतात, "आमची पोरगी ऑटोमेशनला हाय," आणि ऑटोमेशन हा शब्द आता तितक्याच सावकाश, तितक्याच स्वच्छ म्हणतात. डिप्लोमाचं ते विसरलेले नाहीत. जून आला की फाइलीवरची धूळ झटकतात, माझ्यासमोर, आवाज होईल अशी. या वर्षी मी म्हणाले, संध्याकाळचे वर्ग असतील तर बघू. त्यांनी लगेच शर्ट इस्त्रीला टाकला.

पण त्या परीक्षेच्या दिवसातलं एक सांगायचं राहिलं. परीक्षा दुपारी संपली आणि आम्ही परतीची गाडी धरली. उस्ताद खूश होते. त्यांनी स्टेशनवर पेढे घेतले होते, डब्यातल्या अनोळखी माणसांना वाटले, कशाचे म्हणून विचारलं तर म्हणाले, "शाळा सुटली." करमाड गेलं तसे ते जांभया द्यायला लागले. आदल्या दिवशी उशिरापर्यंत अभ्यास केला होता, हे त्यांनी मला सांगितलं नव्हतं. त्यांच्या घरून फोन आला तेव्हा कळलं. बदनापूर आलं. मी उतरताना म्हणाले, "उस्ताद, झोपू नका हं. पुढं जालनाच आहे."

"मला सांगती? अठ्ठावीस वर्ष या रुळाशेजारी राहून राह्यलो."

मी घरी पोचले, पेढे दिले, पप्पांना सगळं सांगत होते, तोच फोन वाजला. मागं स्टेशनवरच्या भोंग्याचा आवाज.

"पोरी, परतूर जालन्याच्या आधी का नंतर?"

"नंतर, उस्ताद. बरंच नंतर."

मग म्हणाले, "मंग बराबर हाय. मी परतूरला हाय." आणि पुढं, "प्लांटवर कुणाला सांगायचं न्हाई."

मी सांगितलं नाही. एसटीनं ते अंधार पडायच्या आत घरी पोचले. सोमवारी सकाळी मी कामावर गेले तर गेटवरच्या वॉचमनपासून पिशव्या शिवणाऱ्या बायकांपर्यंत सगळ्यांना माहीत होतं. उस्तादांनी स्वतःच सांगितलं होतं, रंगवून, हातवारे करून. फक्त त्यांच्या सांगण्यात गाडी जालन्याला थांबलीच नव्हती.